भिक्षु-प्रतिमा, युद्धकालीन चित्रकलेतील

बौद्ध भिक्षूची आकृती शांतता, वैराग्य किंवा आत्मिक बळ यांचे प्रतीक म्हणून योजण्याची प्रवृत्ती आधुनिक चित्रकलेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) या प्रवृत्तीला विशेष अर्थ प्राप्त झाला. भारत व श्रीलंका येथील काही चित्रकारांनी या काळात बौद्ध विषय हाताळले. त्याच काळात ब्रह्मदेश व जपान हे बौद्ध परंपरेचे देश युद्धात ओढले गेले होते आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. प्रस्तुत नोंदीत या काळातील मोजक्या कलाकृतींच्या आधारे भिक्षु-प्रतिमेचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे. प्राचीन पूर्वपीठिकेसाठी अजिंठा व कान्हेरी यांचा आणि उत्तरकालीन परिणामांसाठी महाराष्ट्रातील, विशेषतः कल्याण–शहाड परिसरातील, बौद्ध जीवनाचा संदर्भ घेतला आहे.

संकल्पना : ‘भिक्षू’ (पाली ‘भिक्खु’) हा शब्द ‘भिक्ष्’ म्हणजे मागणे या धातूपासून बनला आहे. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूजवळ तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे फडके एवढ्याच आठ वस्तू असाव्यात. त्याने स्वतः अन्न शिजवू नये, दुसऱ्या दिवसासाठी साठवू नये आणि माध्यान्हीनंतर भोजन करू नये, असा दंडक आहे. माधुकरी किंवा जोगवा मागणाऱ्याप्रमाणे तो दारात पुकारा करीत नाही. पात्र घेऊन तो निःशब्द उभा राहतो आणि जे पात्रात पडेल ते स्वीकारून पुढे जातो. त्याचे चीवरही तुकडे जोडून शिवलेले असते. मगध देशातील भातखाचरांचे बांध पाहून बुद्धाने तशी शिवण योजण्यास सुचविले व आनंदाने ती सिद्ध केली, अशी कथा विनयपिटकात आहे. म्हणजे भिक्षूच्या अंगावरील वस्त्रावरही शेतीची आणि पर्यायाने गृहस्थाच्या श्रमाची खूण आहे. उपासकाने अन्न, वस्त्र व निवारा द्यावा आणि भिक्षूने धर्मोपदेश करावा, अशी ही परस्परावलंबी व्यवस्था आहे. यावरून भिक्षूच्या चित्राची एक कसोटी हाती येते. भिक्षू हा स्वभावतः नात्यातला माणूस असून त्याचे पात्र देणाऱ्याच्या हाताकडे वळलेले असते. देणारा वगळून केवळ ध्यानमग्न, एकाकी भिक्षू रंगविला, तर त्यातून एखादी उदात्त मनोवस्था व्यक्त होऊ शकते, परंतु भिक्षुत्वाचा अर्थ त्यात अपुरा राहतो.

प्राचीन पूर्वपीठिका : या नात्याचे पुरावे महाराष्ट्राच्या लेण्यांत विपुल आहेत. उल्हास नदीकाठचे कल्याण हे प्राचीन बंदर असून इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचा ‘कॅलिएना’ असा उल्लेख येतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद वारंवार आढळते. त्यांत व्यापारी आहेत, तसेच पाण्याचे टाके खोदून देणारा सोनार आणि वाट करून देणारा लोहारही आहे. भिक्षूंच्या चीवरांसाठी कायम ठेवी, म्हणजे अक्षयनीवी, ठेवल्याचे उल्लेखही या लेखांत आहेत. कल्याण–भिवंडी परिसरातील लोनाडच्या लेण्यातील शिल्पपट्टाचा संबंध अभ्यासक वेस्संतर जातकाशी जोडतात. राजपुत्र वेस्संतराने हत्ती, रथ, मुले आणि अखेरीस पत्नीही दान केली, अशी ही कथा आहे. या परिसराच्या बौद्ध स्मृतीत दान ही मध्यवर्ती घटना आहे, असे यावरून म्हणता येते.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात अंतराळाच्या भिंतीवर या नात्याचे सर्वांत परिणामकारक चित्रण पाहावयास मिळते. बुद्ध कपिलवस्तूला परतला असता यशोधरा राहुलाला पुढे करून पित्याकडे वारसा मागावयास सांगते, तो हा प्रसंग होय. भिक्षापात्र घेतलेली बुद्धाची आकृती प्रचंड उंच असून माय-लेकरू तिच्यापुढे अगदी लहान दाखविले आहे. आकारांतील ही विषमता बुद्धाचे लोकोत्तरत्व दर्शविते. तरीही चित्रातील भावनेचा भार त्या दोन लहान आकृतींवरच पडतो, कारण देणारी तीच आहेत. मुलगा वारसा मागावयास जातो आणि प्रत्यक्षात स्वतःच संघाला दिला जातो. या घटनेने शुद्धोदन व्यथित झाला आणि आईवडिलांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम त्याच्या विनंतीवरून करण्यात आला, असे विनयात सांगितले आहे. सोळाव्या लेण्यातील नंदाच्या कथेतही भिक्षुत्व स्वीकारण्यामागची वेदना लपविलेली नाही. नंद भिक्षू झाल्याचे कळताच कोसळणारी त्याची पत्नी हे त्या लेण्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्र ठरले आहे. अजिंठ्यातील उत्तरकालीन अनेक बुद्धमूर्ती व चित्रे ही ‘शाक्यभिक्षू’ म्हणविणाऱ्या भिक्षूंचीच देणगी असल्याचे लेखांवरून कळते. देणारा व घेणारा या भूमिका तेथे अदलाबदल होणाऱ्या आहेत. अजिंठ्याच्या चित्रकाराने वैराग्य रंगविले, त्याबरोबरच त्याची किंमत आणि ती किंमत कोणी मोजली, हेही दाखविले.

आधुनिक पुनःशोध : १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठा पडल्यानंतर तेथील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे प्रयत्न सुरू झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्याचे भारतीय विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक पुढे लंडनमध्येच आगीत गेल्या. लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत (१९०९–११) नंदलाल बोस, असितकुमार हालदार इ. बंगाली चित्रकार सहभागी झाले. या प्रयत्नांमुळे अजिंठ्याची रेषा व आकृती आधुनिक चित्रकारांना उपलब्ध झाली. मात्र प्रतिकृती व छापील चित्रे यांतून ही आकृती भिंतीवरील कथेपासून सुटी झाली. पद्मपाणी बोधिसत्त्व हे एकाकी, करुणामय मुख म्हणून लोकप्रिय झाले आणि त्याच्या भोवतालची दाटी मागे पडली. पुढील काळातील प्रतीकात्मक बौद्ध चित्रांची बीजे या सुटेपणात आहेत.

युरोपमधील प्रतीकवादाचीही या प्रवृत्तीस जोड मिळाली. झां मोरेआस याने १८८६ मध्ये प्रतीकवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. दृश्य जगाचे यथातथ्य वर्णन टाळून आंतरिक सत्याची सूचना करणारी प्रतिमा घडवावी, ही या पंथाची भूमिका होती. ओदिलाँ रदाँ (१८४०–१९१६) याने बुद्धाची आकृती अनेकदा योजली. तेथे बुद्ध हा धर्मसंस्थापकापेक्षा स्वप्नमग्न अंतर्मुखतेचे चिन्ह आहे. प्रतीकवादाने पौर्वात्य साधूला युरोपीय कलेत प्रतिष्ठेचे स्थान दिले, पण त्याच्या समाजाकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही.

महायुद्धापूर्वीचा टप्पा : भारतीय तैलचित्रणात या प्रवृत्तीला छेद देणारी एक महत्त्वाची कृती युद्धाच्या तोंडावर निर्माण झाली. अमृता शेरगील (१९१३–४१) यांनी १९३६ च्या अखेरीस अजिंठा पाहिला आणि दक्षिण भारताचा प्रवास करून परतल्यावर १९३७ मध्ये ब्रह्मचारी हे तैलचित्र रंगविले. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात ते आहे. त्यातील तरुण बौद्ध भिक्षू नसून ब्राह्मण विद्यार्थी आहेत. तथापि व्रतस्थ पुरुषांचा समूह रंगविण्याची जी रीत त्यात सिद्ध झाली, ती प्रस्तुत विषयाशी जवळून निगडित आहे. तांबूस पार्श्वभूमी, पांढरी वस्त्रे व सावळे देह यांच्या मोजक्या मेळातून येथे गांभीर्य निर्माण होते. शेरगील यांनी अजिंठ्याची वेशभूषा किंवा नाजूक हस्तमुद्रा उचलली नाही. आकृतींचे परस्परसान्निध्य आणि सपाट रंगक्षेत्राला असलेले वजन एवढेच त्यांनी घेतले. तैलरंगाचा दाटपणा त्यांनी देहांचे भरीवपण राखण्यासाठी वापरला. हे तरुण कोणत्याही अमूर्त कल्पनेचे वाहक वाटत नाहीत. व्रत स्वीकारलेली, काहीशी अवघडलेली माणसे म्हणून ते समोर येतात. गूढतेचा आधार न घेता व्रतस्थता रंगविता येते, हे या चित्राने दाखविले.

रेरिख व ‘शंभालाचे गीत’ : युद्धकाळात भारतात राहून प्रतीकवादी दृष्टीने बौद्ध विषय हाताळणारा प्रमुख चित्रकार म्हणजे निकोलाय रेरिख (१८७४–१९४७) होय. रशियातील प्रतीकवादी वर्तुळात त्याची जडणघडण झाली. स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘वसंतविधी’ या नृत्यनाट्यासाठी (१९१३) त्याने केलेले नेपथ्य प्रसिद्ध आहे. मध्य आशियातील प्रदीर्घ मोहिमेनंतर १९२८ पासून तो कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाला. युद्धकाळातही सांस्कृतिक वास्तूंचे रक्षण व्हावे, यासाठी त्याच्या पुढाकाराने १९३५ मध्ये वॉशिंग्टन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामुळे शांतता ही त्याच्या बाबतीत केवळ चित्रातील कल्पना नव्हती, ते त्याचे जीवितकार्य होते.

१९४३ मधील शंभालाचे गीत हे त्याचे चित्र या प्रवृत्तीचा नमुना म्हणून पाहता येते. पुढे गडद कडे, मागे आतून उजळल्यासारखी हिमशिखरे आणि या विराट दृश्यासमोर बसलेली एक लहानशी मानवी आकृती, अशी त्याची रचना आहे. शंभाला हे तिबेटी परंपरेतील गुप्त राज्य असून अज्ञान व हिंसा यांवरील अंतिम विजय तेथून होईल, अशी श्रद्धा आहे. रेरिखचे माध्यम तैलरंग नसून टेंपेरा होते. या माध्यमात रंगाचा थर कोरडा व चमकविरहित राहतो. त्यामुळे शिखरांचा प्रकाश सूर्याचा न वाटता खनिजासारखा, दगडातच मुरलेला वाटतो. प्रमाणांची योजनाही अचूक आहे. आकृती आणखी मोठी असती तर पर्वत ही केवळ पार्श्वभूमी झाली असती, तर आणखी लहान असती तर माणूस दृश्यातून नाहीसा झाला असता. स्टालिनग्राडच्या लढाईच्या वर्षी मायदेशापासून दूर असलेल्या या वृद्ध चित्रकाराने भयाऐवजी प्रतीक्षा रंगविली, ही या कृतीची नैतिक बाजू दुर्लक्षिता येणार नाही.

तथापि भिक्षु-प्रतिमेच्या दृष्टीने पाहता तिच्यातील उणीव स्पष्ट होते. रेरिखच्या हिमालयातील साधक, लामा व तपस्वी हे बहुधा एकटे असतात. त्यांच्यापुढे शिखर असते, मात्र गाव नसते. पात्र, चीवराची शिवण, अन्न घेऊन आलेली स्त्री, वाट पुसणारा गुराखी यांना या रचनेत स्थान उरत नाही, कारण आकृतीचे लघुत्व व परिसराचे निर्मनुष्यत्व हीच तिच्या परिणामाची अट आहे. शांतता येथे उंचीशी जोडली जाते आणि खालच्या खोऱ्यातील माणसांपासून तुटते. सौंदर्यदृष्ट्या पूर्ण असलेल्या या चित्रांत भिक्षू स्थितप्रज्ञ म्हणून उरतो, परंतु भिक्षेकरी म्हणून उरत नाही.

कीट व गोतमी विहार : श्रीलंकेचे चित्रकार जॉर्ज कीट (१९०१–९३) यांनी कोलंबोतील बोरेल्ला येथील गोतमी विहारात १९३९–४० मध्ये रंगविलेली भित्तिचित्रे या संदर्भात तुलनेसाठी महत्त्वाची आहेत. हॅरल्ड पिएरिस या उपासकाच्या आश्रयाने हे काम झाले. बुद्धजीवनातील जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतचे प्रसंग त्यांत असून कथेच्या ओघात भिक्षूही येतात. कीट यांच्या शैलीत घनवादाचे आकारविघटन आणि अजिंठा व सिगिरिया येथील प्रवाही रेषा यांचा संयोग झालेला आहे. एकाच अखंड बाह्यरेषेने देह, वस्त्र व शेजारची आकृती यांना बांधून घेणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. या बांधणीमुळे कोणतीही आकृती एकाकी राहत नाही. रेरिखच्या चित्रात अवकाश आकृतींना विलग करतो, तर कीट यांच्या भिंतीवर रेषा त्यांना जवळ आणते.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या चित्रांचे स्थान. ती संग्रहालयात नसून पूजास्थानात आहेत. त्यांच्यासमोर फुले घेऊन येणारा उपासक आणि त्याचे दान स्वीकारणारा संघ एकाच वास्तूत वावरतात. चित्रात जे नाते दाखविता येणार नाही, ते विहाराचा दैनंदिन व्यवहार पुरे करतो. कीट यांच्या शैलीवर एक आक्षेप मात्र घेता येईल. त्यांची वळणदार, मांसल रेषा जात्याच शृंगाराला अनुकूल आहे. जयदेवाच्या गीतगोविंदाचा त्यांनी केलेला व स्वतःच्या रेखाचित्रांनी सजविलेला इंग्रजी अनुवाद १९४७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. तेथे ही रेषा पूर्णपणे सार्थ ठरते. गोतमी विहारात मात्र प्रासादातील भोग आणि त्यांचा त्याग या दोहोंना ती सारखेच लालित्य देते. त्यामुळे अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जाणवणारा त्यागाचा आघात येथे काहीसा सौम्य होतो. असे असले तरी आधुनिक शैली जिवंत धर्मस्थानात नेण्याचा हा प्रयोग आशियाई कलेत लक्षणीय ठरतो.

पुढे १९४३ मध्ये कोलंबो येथे स्थापन झालेल्या ‘४३ समूह’ या कलावंतगटात कीट होते. एल्. टी. पी. मंजुश्री हेही या गटाशी निगडित होते. ते मुळात बौद्ध भिक्षू असून शांतिनिकेतनात त्यांनी शिक्षण घेतले आणि श्रीलंकेतील विहारांच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास आयुष्य वाहिले. पुढे त्यांनी चीवरत्याग केला. भिक्षूच चित्रकार झाल्याचे हे उदाहरण भिक्षु-प्रतिमेकडे केवळ बाहेरून पाहणाऱ्या प्रतीकवादाला एक मूक उत्तर आहे.

युद्ध, दुष्काळ व पात्र : या चित्रांचे मूल्यमापन त्यांच्या काळापासून अलग करता येत नाही. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर बाँबहल्ला केला. आक्रमक देशही बौद्ध परंपरेचाच होता आणि तेथील अनेक बौद्ध संस्थांनी युद्धास पाठिंबा दिला होता. चीवर म्हणजे शांतता, हे समीकरण त्या काळीच अपुरे ठरले होते. ब्रह्मदेश पडल्याने तेथून भारतात येणारा तांदूळ थांबला. सरकारची युद्धकालीन धोरणे, साठेबाजी, भाववाढ आणि मेदिनीपूर भागातील ऑक्टोबर १९४२ चे चक्रीवादळ यांची भर पडून १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात व त्यानंतरच्या रोगराईत सु. २० ते ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली.

याच वर्षी झैनुल अबेदिन (१९१४–७६) यांनी कोलकात्याच्या रस्त्यांवरील भुकेल्यांची काळ्या शाईतील रेखाटने केली. चित्तप्रसाद (१९१५–७८) यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात फिरून चित्रे व वृत्तान्त यांची हंग्री बेंगॉल ही पुस्तिका सिद्ध केली. सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. युद्धानंतर चित्तप्रसाद मुंबईस आले आणि अंधेरी येथे दीर्घकाळ राहिले. या रेखाटनांतही भांडे आहे, पसरलेला हात आहे आणि बरगड्या दिसणारा उघडा देह आहे. मात्र हे भांडे स्वेच्छेने हाती घेतलेले नाही. भिक्षूचे रिकामे पात्र देणाऱ्या समाजावरील विश्वास व्यक्त करते, तर दुष्काळपीडिताचे रिकामे भांडे तो विश्वास मोडल्याची साक्ष देते. विनयातील चीवरावर ज्या भातखाचरांच्या रेघा आहेत, ती खाचरे पिकविणारा शेतकरीच येथे रस्त्यावर मरून पडला आहे.

शंभालाचे गीत आणि हंग्री बेंगॉल ही एकाच वर्षातील निर्मिती आहे. एकीने दुसरी खोटी ठरते, असे मानण्याचे कारण नाही. संकटकाळात काही कलावंत समोरच्या दुःखाची नोंद करतात, तर काही ज्याच्या आधाराने तग धरावा असे काही शोधतात. या दोन्ही गोष्टींची समाजाला गरज असते. परंतु त्या शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे प्रतीकवादी भिक्षु-चित्रातून काय गळाले होते ते कळते. अजिंठ्याच्या भिंतीवर वैराग्य व वेदना, घेणारा व देणारा एकाच दृश्यात सामावले होते. युद्धकाळात त्यांची फाळणी होऊन वैराग्य हिमशिखरांकडे गेले आणि वेदना शाईच्या रेखाटनांकडे. दोहोंना पुन्हा एकत्र आणणारे मोठे तैलचित्र त्या काळात निर्माण झाल्याचे दिसत नाही.

मुंबईच्या कलाविश्वातही ही फाळणी बुजली नाही. वॉल्टर लँगहॅमर, रूडॉल्फ फोन लायडेन इ. मध्य युरोपातून आलेल्या कलाभिज्ञांच्या सहवासात तरुण चित्रकारांना अभिव्यक्तिवादाचा परिचय झाला आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. भारतीय परंपरेतून शिल्पातील देह व लघुचित्रातील रंग या गटाने घेतले. भिक्षू मात्र त्याच्या चित्रविश्वात प्रमुख झाला नाही. मराठी वाङ्मयाचा मार्ग याहून वेगळा होता. धर्मानंद कोसंबी यांनी स्वतः भिक्षुजीवनाचा अनुभव घेतला होता. परळच्या कामगारवस्तीत १९३७ मध्ये बहुजन विहार उभा राहिला तो त्यांच्याच प्रयत्नांतून. भगवान बुद्ध (१९४०-४१) या ग्रंथात त्यांनी बुद्धाला चमत्कारांच्या आवरणातून बाहेर काढून तत्कालीन गणराज्यांच्या व समाजाच्या पार्श्वभूमीवर उभे केले. जे काम चित्रकलेत राहून गेले होते, ते मराठी गद्याने अशा रीतीने आरंभिले.

१९५६ नंतर : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दीक्षा दिली. १९५१ मध्ये महाराष्ट्रात नगण्य असलेली बौद्धांची संख्या १९६१ च्या जनगणनेत सु. २७.९ लाख झाली. भिक्षु-प्रतिमेच्या इतिहासातही ही घटना निर्णायक ठरली. ज्या भूमीत हे प्रतीक शतकानुशतके देणाऱ्यावाचून राहिले होते, तेथे त्याला उपासकांचा समाज पुन्हा लाभला.

कल्याण–शहाड परिसरात हा पालट ठळकपणे लक्षात येतो. महायुद्धाच्या काळात शहाडलगतच्या या भागात मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे शहाडचा रेयॉनचा कारखाना व आसपासचे अन्य उद्योग यांमुळे येथे कामगारवस्ती वाढली. या वस्त्यांतील बुद्धविहार वर्गणीतून व श्रमदानातून उभे राहिले. कान्हेरीला टाके देणारा कल्याणचा सोनार आणि वाट देणारा लोहार यांच्याशी या दात्यांचे साम्य आहे. राजाश्रयावाचून, हातावर पोट असणाऱ्यांनी दिलेले हे दान आहे.

अशा विहारांत व घरांत दिसणाऱ्या चित्रांना कलासमीक्षेने क्वचितच विचारात घेतले. छापील चित्रे, दिनदर्शिका, भिंतीवर रंगविलेले प्रसंग असे त्यांचे स्वरूप असते. धम्मदीक्षेच्या प्रसंगचित्रात चीवरधारी महास्थविर, त्यांच्यापुढे बाबासाहेब व माईसाहेब आणि मागे अथांग जनसमुदाय अशी मांडणी सामान्यतः आढळते. रेखाटनाचा कच्चेपणा, भडक रंग व छायाचित्राचे अनुकरण हे दोष या चित्रांत पुष्कळदा असतात. परंतु रचनेच्या दृष्टीने त्यांनी एक हरवलेली गोष्ट परत मिळविली आहे, ती म्हणजे भिक्षूच्या समोर असलेली माणसे. समुदाय येथे पार्श्वभूमी म्हणून येत नाही. प्रसंग घडतो तो त्याच्यासाठी आणि त्याच्यामुळेच.

समारोप : बुद्ध आणि त्याचा धम्म (मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न उपस्थित केला आहे. बुद्धाने भिक्षू निर्माण केला, तो परिपूर्ण पुरुष घडविण्यासाठी की समाजसेवक घडविण्यासाठी? स्वतःच्या पूर्णत्वातच रमणारा भिक्षू धम्माच्या प्रसारास उपयोगी पडणार नाही, समाजसेवक भिक्षू मात्र धम्माची आशा ठरू शकेल, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. हा प्रश्न संघाला उद्देशून केलेला असला, तरी भिक्षूच्या चित्रांनाही तो लागू पडतो. युद्धकालीन प्रतीकवादाने परिपूर्ण पुरुष रंगविला आणि त्याला पर्वताची भव्यता व प्रकाशाची शुद्धता दिली. हिंसेच्या काळात अशा प्रतिमेने अनेकांना धीर दिला असेल, आणि रेरिखच्या उत्तम कृतींतील ते सामर्थ्य अजून टिकून आहे. परंतु ज्याचे पात्र कोणाच्याही दाराकडे वळलेले नाही, अशा भिक्षूची शांतता प्रेक्षकाकडून कशाचीच अपेक्षा करीत नाही. अजिंठ्याचा बुद्ध यशोधरेच्या दारात पात्र घेऊन उभा राहतो, तेव्हा पाहणाऱ्यालाही आपण काय देणार, या प्रश्नापासून सुटका नसते. भिक्षु-प्रतिमेच्या मूल्यमापनात शैली, माध्यम व तंत्र यांच्या बरोबरीने हा निकष वापरणे आवश्यक आहे. तो वापरल्यास शेरगील यांचे अवघडलेले ब्रह्मचारी, गोतमी विहाराच्या पूजेतील भिंती आणि कल्याण–शहाडच्या वस्त्यांतील साधी दीक्षाचित्रे यांतील नाते दृष्टीस पडते आणि आधुनिक कलेतील बौद्ध विषयाचा इतिहास केवळ संग्रहालयांपुरता मर्यादित राहत नाही.